मूल असताना संमतीने घटस्फोट : अटींच्या कागदापासून दुसऱ्या लग्नापर्यंत

संमतीने वेगळं व्हायचं ठरलं की वकिलाच्या ऑफिसात पहिला प्रश्न येतो तो 'किती महिने लागतील' हा. मूल असेल तर त्याआधी विचारायला हवं की अटींचा कागद कोण लिहिणार आणि किती बारकाईने. कोर्टातला भाग एका वर्षाच्या आत उरकतो. 'कन्सेंट टर्म्स' म्हणून जो कागद जोडला जातो, तो मात्र मूल सज्ञान होईपर्यंत दर शनिवारी, दर दिवाळीला आणि शाळेच्या प्रत्येक फीच्या वेळी बाहेर काढावा लागतो.

हा लेख हिंदू विवाह कायदा, १९५५ खालच्या लग्नांसाठी आहे. बौद्ध, जैन आणि शीख जोडपीही त्यातच येतात. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न झालं असेल तर संमतीच्या घटस्फोटाच्या कलम १३-ब ऐवजी कलम २८ लागतं, वाट जवळपास तीच. इथे नेहमी एक घोळ होतो. मांडवात लग्न लावून नंतर नुसती नोंदणी केलेल्यांना वाटतं की आपलं 'कोर्ट मॅरेज' आहे. प्रमाणपत्रावर कोणत्या कायद्याचं नाव आहे ते वाचा, मगच याचिका लिहायला द्या. मुस्लिम आणि ख्रिस्ती जोडप्यांचे कायदे वेगळे आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो आणि त्यात नवरा-बायकोच्या मालमत्तेचा हिशेबही निराळा. या सर्वांना खालचा मुलांच्या अटींचा भाग तेवढा उपयोगी पडेल.

पहिली पायरी : वर्षभर वेगळं राहणं

याचिका दाखल करायच्या दिवशी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे वेगळ्या घरातच, असं नाही. एकाच छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर ते चालतं, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सुरेष्टा देवी प्रकरणात सांगितलं आहे. मुंबई-पुण्यात दोन भाडी परवडत नाहीत म्हणून दोन खोल्यांत राहणाऱ्यांना याचा आधार आहे. फक्त वेगळं राहायला लागल्याची तारीख दोघांनी एकच सांगायला हवी. याचिकेत जून आणि समुपदेशकासमोर 'दिवाळीनंतर' असं झालं की शंका सुरू होतात.

त्याच निकालातली दुसरी गोष्टही ध्यानात ठेवा. डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम हुकूम, होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. पैसे, घर आणि जुन्या केसेस यांचं वेळापत्रक हे धरूनच आखायचं असतं.

दुसरी पायरी : मुलाच्या अटी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वकिलांच्या कॉम्प्युटरवर तयार असलेली ओळ अशी असते : 'अपत्याचा ताबा आईकडे राहील व वडिलांना वाजवी भेटीचा अधिकार राहील.' यातल्या 'वाजवी' या एका शब्दावर पुढे दहा अर्ज होतात.

त्याऐवजी असं लिहा : 'दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी १० वाजता वडील मुलीला आईच्या सोसायटीच्या गेटवरून नेतील आणि रविवारी संध्याकाळी ६ वाजता तिथेच आणून सोडतील. वडील स्वतः येऊ शकले नाहीत तर फक्त आजी किंवा आत्या येतील. तासाभराहून जास्त उशीर होणार असेल तर मेसेज करतील. मुलगी आजारी असल्यास ती भेट पुढच्या शनिवारी होईल. वडिलांकडून रद्द झालेली भेट भरून मिळणार नाही.' वाचायला रुक्ष आहे, पण गेटवर उभं राहून भांडायला यात जागा उरत नाही.

पाचवा शनिवार आला तर काय, हेही लिहून टाका. शनिवारी शाळा असणाऱ्या मुलांसाठी वेळ शाळा सुटल्यापासून धरा. मूल तीन वर्षांखालचं असेल तर सुरुवातीला मुक्काम नको. आठवड्यातून दोनदा दोन-तीन तास भेट, मग टप्प्याने पूर्ण दिवस, मग रात्र, अशी पायरी वयानुसार आधीच लिहून ठेवता येते. म्हणजे प्रत्येक वाढदिवसानंतर कोर्टात जावं लागत नाही.

सुट्ट्यांसाठी तारखा लिहू नका. राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई शाळांच्या सुट्ट्या जुळत नाहीत आणि मूल शाळा बदलतं. 'शाळेने जाहीर केलेल्या उन्हाळी सुट्टीचा पहिला अर्धा भाग सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे' असं लिहिलं की पुरतं. दिवाळीच्या सुट्टीत मात्र नुसते अर्धे भाग करून भागत नाही. लक्ष्मीपूजन एका घरी आणि पाडवा-भाऊबीज दुसऱ्या घरी, पुढच्या वर्षी उलट, असं दिवसांच्या नावाने लिहा. कोकणात मूळ घर असेल तर गणपतीचा प्रश्न हमखास निघतो, कारण तेव्हा शाळेची मोठी सुट्टी नसते आणि गावी जायलाच एक दिवस मोडतो. दीड दिवसाचा गणपती असेल तर जाण्या-येण्यासकट किती दिवस शाळा बुडेल, तो आकडा कागदावर हवा.

फोनचा मुद्दा बहुतेक कागदांत नसतोच. ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलता आलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटलं आहे. रोज रात्री ८ ते ८.१५, कॉल मुलाच्या टॅबवर, स्पीकरवर कोणी ऐकत बसणार नाही. इतकं स्पष्ट लिहिलेलं बरं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगता येतील. शाळेचा रिझल्ट आणि पालकसभेची सूचना दोघांनाही मिळेल, असं शाळेला पत्र देण्याची अट घाला. तातडीच्या उपचारासाठी मूल ज्याच्याकडे असेल तो सही करेल आणि लगेच दुसऱ्याला कळवेल. शहर बदलायचं असेल तर ६० दिवस आधी लेखी सूचना. पासपोर्टच्या अर्जावर किंवा नूतनीकरणाच्या संमतीपत्रावर सही मागितल्यापासून १५ दिवसांत द्यायची. ही अट नसली की परदेशातली सहल विमानाच्या तिकिटांसकट बुडते. परदेशात नेताना परतीच्या तिकिटाची प्रत आणि राहण्याचा पत्ता आधी द्यायचा. भारताने मुलांच्या सीमापार ताब्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारावर सही केलेली नाही, त्यामुळे मूल एकदा बाहेर गेलं की परत आणण्याचा मार्ग लांब आणि महाग असतो.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असावं. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो, आणि कलम १३ प्रमाणे सर्वांत वर मुलाचं हित. 'वडील पगार जास्त कमावतात म्हणून ताबा त्यांचा' किंवा 'मुलगी आहे म्हणून आईचाच' असा नियम कुठेही नाही. समजण्याच्या वयाचं मूल असेल तर न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये वेगळं बोलतात. त्याआधी मुलाला पढवून पाठवू नका. समुपदेशकांना ते दोन प्रश्नांत कळतं आणि पढवणाऱ्यावरच उलटतं.

ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. म्हणून 'पुढे कधीही अर्ज करणार नाही' या ओळीला फारसा अर्थ नाही.

तिसरी पायरी : मुलाचा खर्च

'मुलाची पोटगी मागणार नाही' असं आईने लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्यामुळे संपत नाही. तो हक्क मुलाचा आहे, आईच्या सहीने तो सोडता येत नाही. एकरकमी रक्कम घ्यायची असेल तर बायकोची किती आणि मुलाची किती हे वेगळं लिहा, आणि मुलाची रक्कम त्याच्या नावाच्या मुदत ठेवीत टाका.

महिन्याचा खर्च ठरवताना वाढ विसरली जाते. सहा वर्षांच्या मुलासाठी १५,००० रुपये ठरले आणि वाढ लिहिली नाही, तर अठराव्या वर्षीही तो आकडा १५,०००च राहतो. दरवर्षी ८ टक्के वाढ लिहिली तर बारा वर्षांनी तो साधारण ३७,८०० होतो. शाळेची फी या रकमेत धरू नका. ती वडिलांनी थेट शाळेच्या खात्यात भरावी, पावती दोघांकडे. क्लास, दातांच्या तारा आणि मोठ्या दुखण्याचा विम्याबाहेरचा खर्च यासाठी टक्केवारी ठरवा आणि कोणत्या रकमेपुढे आधी विचारायचं तेही लिहा.

खर्च कधी थांबतो? कागदावर काही नसेल तर समोरचा अठराव्या वाढदिवसाकडे बोट दाखवतो, आणि मूल तेव्हा बारावीत किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात असतं. 'पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची २३ वर्षे, जे आधी होईल ते' असं लिहा. मुलीच्या बाबतीत लग्न होईपर्यंतच्या पोटगीचा हक्क हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० मध्ये आहेच, पण त्यासाठी वेगळा दावा करावा लागू नये.

आकडे ठरवण्याआधी दोघांनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र एकमेकांना द्यावं. त्याचा नमुना सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाला जोडलेला आहे. संमतीच्या प्रकरणात कोर्ट ते प्रत्येक वेळी मागेलच असं नाही, तरीही भरा. नंतर 'माझ्यापासून शेअर्स लपवले' म्हणणाऱ्यापुढे ठेवायला तोच कागद असतो.

पोटगी थकली म्हणून मूल द्यायचं नाही आणि भेट नाकारली म्हणून पैसे थांबवायचे, ही सर्वांत जास्त होणारी चूक. दोन्ही अटी स्वतंत्र आहेत. एक मोडली म्हणून दुसरी मोडण्याची मुभा मिळत नाही, उलट दोघंही कोर्टात उघडे पडतात. थकबाकीसाठी दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, करायची, भेटीसाठी अर्ज करायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या १२५ खाली, पोटगीचा आदेश असेल तर थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. 'आज देईल, उद्या देईल' करत दोन वर्षं थांबणारे त्या मार्गाने मागचे महिने गमावतात.

चौथी पायरी : घर आणि जुन्या केसेस

फ्लॅट एकाच्या नावावर करायचा असेल तर तो डिक्रीच्या आधी करा. महाराष्ट्रात नवरा-बायकोतल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. शहरात स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो. डिक्री झाली की तुम्ही नवरा-बायको राहत नाही आणि ही सवलत जाते. अनेक जण बक्षीसपत्राऐवजी हक्कसोडपत्र करायला निघतात. नाममात्र मुद्रांक शुल्कात होणारं हक्कसोडपत्र वडिलोपार्जित मिळकतीसाठी असतं, दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटसाठी नाही. कर्ज चालू असेल तर आधी बँकेचं ना-हरकत पत्र हवं. बक्षीसपत्र करून दिल्यावरही कर्जदार म्हणून तुमचं नाव तसंच राहतं आणि दुसऱ्याने हप्ता चुकवला की तुमचा सिबिल पडतो.

आधी घर दिलं आणि समोरच्याने संमती मागे घेतली तर? म्हणून बक्षीसपत्राची नोंदणी अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी ठेवावी.

४९८-अ ची, म्हणजे सासरच्या छळाची, फिर्याद झालेली असेल (१ जुलै २०२४ नंतरच्या घटनांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), तर ती पोलीस ठाण्यात जाऊन 'मागे' घेता येत नाही. हायकोर्टात दोघांच्या संमतीने रद्द करून घ्यावी लागते. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज मात्र त्या-त्या कोर्टातून काढून घेता येतो. यावर चालणारी रीत अशी की एकरकमी रकमेचे तीन भाग पाडायचे. पहिला याचिका दाखल होताना, दुसरा हायकोर्टात फिर्याद रद्द होताना आणि शेवटचा डिक्रीच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने कोर्टासमोर. संपूर्ण रक्कम आधी देणारा आणि सगळ्या केसेस आधी मागे घेणारी, दोघंही सारखाच धोका पत्करतात.

पाचवी पायरी : कोर्ट

लग्न जिथे झालं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात किंवा पत्नी आता जिथे राहते, तिथलं कोर्ट बघा. पत्नीच्या सध्याच्या पत्त्याचं कोर्ट सहसा सोयीचं पडतं. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत कुटुंब न्यायालय आहे. जिथे नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे याचिका जाते.

सोबत लग्नाचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर पत्रिका, लग्नाचा फोटो आणि प्रतिज्ञापत्र. शिवाय मुलाचा जन्मदाखला, दोघांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अटींचा कागद. अटींच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या हव्यात. घटस्फोट आणि पोटगीच्या कामात महिलांना महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे, वकिलाने ती मागितली तर नेमकी कशाची ते विचारा.

याचिका दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा उभं राहायचं असतं. मधे विवाह समुपदेशकांकडे बोलावतात. तिथे भांडण उकरून काढायचं नाही, संमती स्वखुशीची आहे आणि मुलाची सोय काय लावली आहे एवढंच सांगायचं. सहा महिन्यांची वाट माफ होऊ शकते. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालाप्रमाणे त्यासाठी दोघं याचिकेआधीच दीड वर्ष वेगळे राहिलेले असावेत, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी व ताबा खरोखर मिटलेला असावा. हा माफीचा अर्ज याचिका दाखल झाल्यानंतर एका आठवड्याने करता येतो. ताब्याच्या अटी अर्धवट असल्या की तो हमखास अडकतो.

डिक्री झाली की त्याच आठवड्यात नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रतीच्या किमान तीन नकला घ्या. बँक, पासपोर्ट ऑफिस आणि शाळा, सगळीकडे लागतात. नंतर भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि बँक खात्यांवरचं नॉमिनेशन बदला. डिक्रीने ते आपोआप बदलत नाही.

सहावी पायरी : दुसरं लग्न आणि नवं घर

डिक्रीआधी केलेलं दुसरं लग्न बेकायदेशीर ठरतं आणि फौजदारी गुन्हाही होतो. कुटुंब न्यायालयाने संमतीने दिलेल्या डिक्रीवर अपील नसतं, त्यामुळे प्रमाणित प्रत हातात आली की पुढचा मार्ग मोकळा होतो. भांडून मिळालेल्या घटस्फोटात अपिलाची ९० दिवसांची मुदत जाऊ द्या.

आईने किंवा वडिलांनी पुन्हा लग्न केलं एवढ्याने ताबा जात नाही, आणि वडिलांची मुलाच्या खर्चाची जबाबदारीही संपत नाही. बायकोची पोटगी थांबू शकते, मुलाची नाही.

नव्या जोडीदारालाही आधीचं मूल असेल तर पहिल्या महिन्यातच शनिवारांची टक्कर होते. तुमची मुलगी दुसऱ्या-चौथ्या शनिवारी वडिलांकडे जाते, त्याचा मुलगा पहिल्या-तिसऱ्या शनिवारी आईकडून येतो. म्हणजे मुलं दर वेळी एकत्रच घरात आणि बाकीचे रविवार तुम्हा दोघांना मोकळे. तोही दुसऱ्या-चौथ्या शनिवारी येत असेल तर उलट, मुलांची एकमेकांशी गाठच पडत नाही आणि तुम्हा दोघांना एकही मोकळा रविवार नाही. काय हवं ते ठरवा आणि जुन्या जोडीदाराशी बोलून बदल लेखी करा, शक्यतो त्याच कोर्टात दोघांच्या सहीचा किरकोळ अर्ज देऊन. व्हॉट्सॲपवर 'चालेल' आलं म्हणजे आदेश बदलला असं होत नाही.

सावत्र वडील किंवा आई कायद्याने पालक नसतात. शाळेतून मुलाला आणण्यासाठी शाळेच्या यादीत त्यांचं नाव लेखी घालावं लागतं.

नावाचा प्रश्न आपल्याकडे विशेष नाजूक, कारण मुलाच्या नावात मधे वडिलांचं नाव असतं. जन्मदात्या वडिलांच्या जागी सावत्र वडिलांचं नाव केवळ राजपत्रात जाहिरात देऊन बसवता येत नाही. आधारवर एक, शाळेत दुसरं आणि जन्मदाखल्यावर तिसरं नाव झालं की दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावाधाव होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारच्या निर्णयाने आईचं नाव आधी येतं, मोठ्या मुलांचं तसं नाही.

नाव आणि नातं कायद्याने बदलायचं असेल तर सावत्र पालकाने दत्तक घेणं हाच मार्ग. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या केअरिंग्ज पोर्टलवर नोंदणी करावी लागते, जन्मदाते वडील हयात असतील तर त्यांची संमती लागते आणि ताब्याचा वाद चालू असेपर्यंत गाडी पुढे जात नाही. दत्तक झालं की जन्मदात्या वडिलांचा खर्च थांबतो आणि त्यांच्या मिळकतीत पुढे मिळणारा वारसाही संपतो. वडील चांगला खर्च देत असतील आणि मूल त्यांना भेटत असेल, तर केवळ आडनाव जुळावं म्हणून दत्तक घेणं हा तोट्याचा सौदा आहे.

दत्तक घेतलं नाही तर सावत्र मूल सावत्र वडिलांचं वारस नसतं, मग त्यांनी त्याला दोन वर्षांचं असल्यापासून वाढवलेलं असलं तरी. मृत्युपत्र नसताना त्यांचं घर पत्नी, त्यांची स्वतःची मुलं आणि हयात असल्यास त्यांची आई यांच्यात वाटलं जातं. नॉमिनी म्हणून नाव घातलं तर पैसे फक्त हातात पडतात, मालकी वारसांकडेच राहते. सावत्र मुलाला काही द्यायचं असेल तर दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्र करा. त्यात मुलाचं नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच लिहा आणि 'माझी सर्व मुले' असा शब्द टाळा.